घरांतील ब्रॉडबँडची पेटी

मडकें विकत घेतांना तें बोटानें वाजवून पाहावयाचें, ज्वारी घेतांना दाणा दांताखालीं धरावयाचा, बैल घेतांना त्याचे दांत मोजून चार पावलें चालवून पाहावयाचा, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. मराठवाड्याचा माणूस व्यवहारांत भोळा असतो असें कोणाचें म्हणणें असेल, तर त्यानें भोकरदनच्या बाजारांत एक फेरी मारून यावें. परंतु याच भोकरदनांत, आणि तसें पाहिलें तर पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतूनहि, एक वस्तु अशी आहे कीं ती न वाजवतां, न पारखतां घरांत घेतली जाते. ती वस्तु म्हणजे ब्रॉडबँडची जोडणी घेतांना मिळणारी, दोन किंवा चार शिंगांची लहानशी पेटी. तिला कोणी मोडेम म्हणतात, कोणी राउटर म्हणतात, आणि बहुतेक घरांत नुसतें 'वायफाय' म्हणून तिची संभावना होते. जोडणी करणारा माणूस येतो, दाराजवळ जो खिळा रिकामा दिसेल त्यावर ती टांगतो, मोबाइलवर एक आंकडा दाखवितो, आणि निघून जातो. पुढें तीन-चार वर्षें ती पेटी चांगली कीं वाईट हा प्रश्न घरांत निघत नाहीं. 'नेट चालत नाहीं' एवढी तक्रार मात्र रोज निघते, आणि दोष सरसकट कंपनीच्या माथीं मारला जातो.

रेडिओ घरांत आला त्या पिढीची रीत निराळी होती. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुढें ज्यांनीं ज्यांनीं रेडिओ घेतला, त्यांनीं तो दुकानांत ऐकून समाधान मानलें नाहीं. घराच्या वर दोन वेळूंच्या मध्यें एरियलची तार ताणावयाची, ती कधीं पूर्व-पश्चिम तर कधीं उत्तर-दक्षिण करून पाहावयाची, आणि रात्रीं केंद्र स्वच्छ लागलें म्हणजे मगच यंत्रास शाबासकी द्यावयाची. यंत्राची पारख तें जेथें नांदावयाचें त्या घरांतच होते, हें त्या लोकांस कोणी शिकवावें लागलें नव्हतें. आजच्या पेटीलाहि तोच न्याय लागू आहे. कारण शेवटीं तीहि एक रेडिओच आहे. फरक एवढाच कीं ती नुसती ऐकत नाहीं, बोलतेहि.

या पेटीच्या पोटांत वस्तुतः दोन नोकर राहतात. पहिला मोडेम. बाहेरून येणारी खूण घरांतील यंत्रांना कळेल अशा रूपांत उतरवावयाची, आणि घरांतील खूण उलट बाहेरच्या रूपांत घालावयाची, हें त्याचें काम; म्हणजे तो दुभाष्या झाला. दुसरा राउटर. आलेला माल कोणत्या खोलींतील कोणत्या यंत्राचा आहे हें पाहून तो ज्याचा त्याला पोंचविणें हें त्याचें काम. म्हणजे तो टपालवाला. फायबरच्या जोडणींत मोडेमची जागा ओएनटी नांवाच्या यंत्रानें घेतलेली असते, पण धंदा तोच. हे दोन नोकर निरनिराळे आहेत हें ध्यानांत ठेवलें म्हणजे अर्धी पारख झाली, कारण एक आजारी पडला असतां दुसऱ्याला औषध देण्याची चूक होत नाहीं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सामान्य नागरिकांस खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवर किर्र आवाज करीत जोडणी होई आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन मुका राही. पुढें त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आलें. २००४ च्या सरकारी धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट वेगास ब्रॉडबँड म्हटलें. २०१३ मध्यें ती किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली, आणि २०२३ च्या जानेवारींत २ मेगाबिट. आतां तालुक्याच्या गांवींहि केंसाएवढ्या बारीक कांचतंतूंतून प्रकाश येतो आणि लोक शंभर मेगाबिटची भाषा बोलतात. भोकरदनास दूरचे व्यवहार नवे नाहींत. हें प्राचीन भोगवर्धन होय, आणि सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख कोरलेला आहे. पण तो दगडावरचा निरोप दोन हजार वर्षें टिकला. आजचा निरोप ओसरीवरून मागच्या खोलींत पोंचेपर्यंत टिकत नाहीं, ही खरी अडचण.

शंभर मेगाबिट म्हणजे शंभर मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. जुन्या मापांत सांगावयाचें तर आठ अदपाव म्हणजे एक शेर. शंभर अदपाव मागवून शंभर शेरांची वाट पाहणाऱ्यास दुकानदारानें फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. शंभर मेगाबिटच्या जोडणींतून सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट माल येईल. शिवाय जाहिरातींतील आंकड्यापुढें 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरांत बसलेला असतो. आणि मुख्य म्हणजे, तो आंकडा दारापर्यंतचा आहे. दाराच्या आंत काय होतें याची हमी त्यांत नसते.

दाराच्या आंत काय होतें हें पाहावयास एक घर डोळ्यांपुढें आणावें. समजा, भोकरदनच्या जुन्या वस्तींत तें आहे. पुढचा भाग माळवदाचा. दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लांकडी तुळया, त्यांवर मातीचा थर. मागें अलीकडे बांधलेल्या दोन सिमेंटच्या खोल्या, वर स्लॅब. अशीं अर्धीं जुनीं, अर्धीं नवीं घरें या भागांत गल्लोगल्लीं सांपडतात. घरांतील मुलगी बारावींत असून सीईटीची तयारी करते. तिचा तास रात्रीं नऊ वाजतां पुण्याहून ऑनलाइन भरतो. तिची बसण्याची जागा मागच्या खोलींत, कारण शांतता तेथेंच. वडिलांचें खत-बियाण्यांचें दुकान. थोरला मुलगा पुण्यास नोकरीला, आणि आजीचा जीव त्याच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्यें. पेटी टांगलेली आहे ओसरीवर, लोखंडी कपाटाच्या मागें, कारण तेथें ती दिसत नाहीं आणि शोभेला बाध येत नाहीं.

वडिलांनीं पहिल्या वर्षीं पन्नास मेगाबिटचा प्लॅन घेतला होता. तक्रार आली तेव्हां शंभरचा केला. पुन्हां तक्रार आली तेव्हां दोनशेंचा. त्यानंतरहि एके रात्रीं संवाद झाला तो असा :

"बाबा, नेट पुन्हा अडकलं. सरांचा आवाज तुटतोय."

"अगं, मागच्याच महिन्यांत दोनशेंचा घेतला ना?"

"घेतलात हो, पण तो ओसरीवरच राहतो. माझ्या खोलींत येतच नाहीं."

मुलीच्या या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. ऑनलाइन तासाला सेकंदास तीन-चार मेगाबिट पुरतात. पन्नासाच्या प्लॅनमध्यें असे अनेक तास एकदम चालावेत. पैसा नळाच्या जाडीवर खर्च होत होता, आणि गळती घरांतल्या रांजणाला होती.

म्हणून पहिली परीक्षा तारेनें घ्यावी. पेटीच्या पाठीमागें चौकोनी भोकें असतात. त्यांपैकीं एकांत लॅन केबल घालून ती संगणकास जोडावी, इतर सर्व यंत्रें बंद ठेवावीं, आणि वेग मोजावा. संगणकास तसें भोक नसेल तर पेटीपासून दोन हातांवर उभें राहून मोजावा. मग त्याच वेळीं, त्याच यंत्रानें, घरांतील अगदीं वाईट जागीं जाऊन मोजावा. पहिला आंकडा कमी आला तर तक्रार कंपनीकडे न्यावी. पहिला पुरेसा आणि दुसरा दरिद्री आला तर प्लॅन वाढवून कांहींहि होणार नाहीं. दोष पेटीचा, तिच्या जागेचा किंवा भिंतीचा आहे. हीच परीक्षा एकदां सकाळीं आणि एकदां रात्रीं नऊ वाजतां करावी, कारण फायबरची एक मूळ तार बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटलेली असते आणि सगळीं घरें रात्रींच जागीं होतात. यांत एक बारकावा आहे. कांहीं स्वस्त पेट्यांचीं भोकेंच शंभर मेगाबिटच्या मापाचीं असतात. तशा पेटीवर दोनशेंचा प्लॅन घेणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून सुतळी ओढणें होय. पेटीच्या पाठीवर किंवा पुस्तिकेंत 'गिगाबिट' असा शब्द आहे कीं नाहीं तेवढें पाहून घ्यावें.

आतां भिंतींचा विचार. विद्युल्लहरी भिंतीपलीकडे जातात हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतींआड ठेवलेली घंटा वाजवून दाखविलें. प्रश्न जातात कीं नाहीं हा नसून, गेल्यावर अंगांत बळ किती उरतें हा आहे. रेडिओची मध्यम लहर शेंकडों मीटर लांब. तिला घराची भिंत म्हणजे हत्तीला उंबरठा. वायफायच्या लहरी आंखूड. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झची पांच-सहा सेंटिमीटर. यांतील पहिली हळू पण चिवट. दोन भिंती ओलांडते. दुसरी चपळ पण नाजूक. एकाच खोलींत घोड्यासारखी धांवते आणि माळवदाच्या भिंतीशीं थबकते. मातीची जाड भिंत लहर शोषून घेते, आणि पावसाळ्यांत ती भिंत ओली झाली म्हणजे अधिकच शोषते. 'आषाढांत नेट मंदावतें' ही तक्रार म्हणूनच नुसती हंसण्यावारी नेऊं नये. स्लॅबमध्यें सळ्यांची जाळी असते, आणि सळ्यांचें गांव जें जालना तें तर येथून जवळच. आपल्या जिल्ह्यांत लोखंड घालतांना कोणी हात आंखडता घेत नाहीं. पत्रा आणि लोखंडी कपाट हीं लहरींना सरळ परतवून लावतात. एकंदरींत त्या घरांतील पेटी कपाटाच्या मागें उभी राहून, दोन मातीच्या भिंतींतून आणि एका सिमेंटच्या भिंतींतून, त्या मुलीला हांका मारीत होती.

दोन्ही लहरी देणारी पेटी, जिला ड्युअल-बँड म्हणतात, ती घ्यावी हें उघड आहे. पण ती घेऊनहि मोबाइल चुकीच्या लहरीस चिकटून बसतो हा अनुभव येतो. जवळ बसणाऱ्यानें पांचाची आणि दूर बसणाऱ्यानें दोन-चाराची लहर धरावी. दोघींस निरनिराळीं नांवें देण्याची सोय पेटींत असेल तर ती वापरावी. बाजारपेठेंत जेथें दुकानागणिक एक पेटी आहे, तेथें २.४ च्या पट्ट्यांत गर्दी होते. त्या पट्ट्यांत एकमेकांस न टेकणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. शेजारी कोणत्या वाटेवर आहे हें दाखविणारीं मोबाइलचीं साधनें फुकट मिळतात. तीं पाहून आपली वाट बदलावी.

त्या घरांत शेवटीं झालें तें असें. पेटी होती तेथेंच ठेवली, पण कपाटाच्या मागून काढली. कारण कांचतंतु फार वांकवला तर प्रकाश बाहेर सांडतो, आणि तो हलविणें जाणत्या माणसाचेंच काम. तिच्यापासून एक लॅन केबल माजघरांतून मागच्या खोलीपर्यंत नेली, आणि तेथें एक साधा राउटर बसविला. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. घराला पंधरा मीटर लागली. भिंतीच्या खुंटींत लावावयाचा रिपीटर पुष्कळ लोक घेतात. तो स्वस्त व सोपा आहे, परंतु तो एकाच तोंडानें ऐकतो व बोलतो म्हणून वेग बहुधा निम्मा होतो, आणि जेथें आधींच लहर मेली आहे तेथें तो लावला तर मेलेली बातमीच पुढें सांगतो. दुसऱ्या महिन्यांत वडिलांनीं प्लॅन पुन्हां पन्नासचा केला. हें करतांना त्यांना जरा संकोच वाटला, पण तो दुकानदार माणूस. बेरीज-वजाबाकी त्यास नवी नव्हती.

वेग पुरेसा असूनहि बोलणें तुटतें, असाहि एक प्रकार आहे, आणि तो चांगल्या-चांगल्यांस चकवितो. कापसाच्या हंगामांत बाजार समितीच्या फाटकाशीं गाड्यांची रांग लागली म्हणजे, एकटा सायकलवाला टपाल घेऊन आला तरी त्याला रांगेच्या शेवटीं उभें राहावें लागतें. फाटक अरुंद नसतें. रांग लांब असते. घरांत कोणाच्या तरी मोबाइलमधून लग्नाचे पांचशें फोटो वर चढूं लागले कीं पेटीच्या पोटांत अशीच रांग होते, आणि मुलीचा प्रश्न सरांकडे एक सेकंद उशिरां पोंचतो. हें पाहण्याची परीक्षा अशी : घर शांत असतांना 'पिंग' मोजावा, आणि मग कांहीं मोठें वर चढवीत असतांना पुन्हां मोजावा. वीस मिलिसेकंदांचे तीस-चाळीस झाले तर ठीक. चारशें-पांचशें झाले तर त्या पेटीला रांग लावतां येत नाहीं. चांगल्या पेटींत बोलण्यास अग्रहक्क देण्याची सोय असते. नसेल तर फोटो रात्रीं झोपतांना चढवावेत. हा उपाय फुकट आहे.

विजेबद्दल मराठवाड्यांत बोलावें तेवढें थोडें. तथापि येथें एक आनंदाची गोष्ट आहे. फायबरच्या वाटेंत जे फांटे फुटतात त्यांना वीज लागत नाहीं. म्हणून गांवांत दिवे गेले तरी, पलीकडचें केंद्र चालू असेल तर, प्रकाश आपल्या दारापर्यंत येतच राहतो. अडतें तें आपल्या पेटीशीं. बहुतेक पेट्या बारा व्होल्टवर चालतात आणि एका लहान दिव्याइतकी वीज खातात. याच कामासाठीं मिळणारी छोटी बॅटरी लावली म्हणजे घर अंधारांत असलें तरी तास चालू राहतो. मात्र बॅटरीवरील व्होल्टचा आंकडा पेटीच्या आंकड्याशीं जुळवून घ्यावा. नऊची पेटी बाराच्या बॅटरीस जोडून ती जाळणारे महाभाग आहेत. वीज आल्यावर पेटी किती वेळांत शुद्धीवर येते हेंहि घड्याळ लावून पाहावें. एक-दोन मिनिटें क्षम्य आहेत. पांच मिनिटें घेणारी पेटी, दिवसांतून चार वेळां वीज जाणाऱ्या गांवाची नव्हे. आणि तिच्यावर लोकरीचा विणलेला रुमाल घालूं नये. मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, पेटी स्वतः तापते, आणि तिच्या अंगावरील फटी नक्षीसाठीं नसून श्वासासाठीं असतात.

आतां वापरण्याची सोय. कारागिरांनीं पेटीला आंतून इतकें शहाणें केलें, पण घरांतल्या माणसाशीं बोलण्याची तिला रीत शिकविली नाहीं. तोंडावर बारीक दिव्यांची ओळ, खालीं मुंगीएवढीं इंग्रजी अक्षरें, आणि सोबत पुस्तिका असलीच तर तीहि इंग्रजी. मराठी घरांत विकावयाच्या वस्तूवर चार मराठी ओळी छापणें एवढें कां अवघड असावें हें समजत नाहीं. तरी या दिव्यांपैकीं दोन शिकले म्हणजे काम भागतें. 'पॉन' म्हणून जो दिवा असतो तो स्थिर हिरवा असावा. म्हणजे बाहेरचा प्रकाश येत आहे. 'एलओएस' म्हणून जो असतो तो विझलेला असावा. तो लाल झाला तर प्रकाश येणें थांबलें आहे, आणि घरांत बसून पेटी शंभर वेळां बंद-चालू केली तरी तो येणार नाहीं.

पाठीमागें एक सुईच्या टोंकाएवढें भोक असतें, त्याविषयीं सावध राहावें. तें रीसेट. कांहीं सेकंद दाबून धरलें कीं पेटी कारखान्यांतून आल्यासारखी कोरी होते, आणि तिच्यांत कंपनीनें भरलेलीं नांवें व खुणा पुसल्या जाऊन जोडणारा माणूस पुन्हां बोलवावा लागतो. बंद-चालू करणें निराळें, कोरें करणें निराळें. लहान मुलांस टांचणी हातांत घेऊन या भोकाचें भारी आकर्षण वाटतें.

पेटीला दोन परवलीचे शब्द असतात हेंहि बऱ्याच घरांस ठाऊक नसतें. एक वायफायचा, तो ओसरीच्या दाराचा. दुसरा पेटीच्या आंतील व्यवस्थेचा, तो तिजोरीचा. पहिला पाहुण्यांस द्यावाच लागतो, शेजारधर्म सुटत नाहीं. त्यासाठीं 'गेस्ट' म्हणून वेगळी वाट देणारी पेटी बरी. दुसरा मात्र कारखान्यांतून आला तसाच ठेवला जातो, आणि तो जगांतल्या सर्व चोरांस पाठ असतो. २०१६ च्या ऑक्टोबरांत 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रामानें असे न बदललेले शब्द वापरून असंख्य घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले, आणि २१ तारखेस त्यांच्या एकत्रित माऱ्यानें अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. त्या पेट्यांच्या मालकांना त्याची गंधवार्ताहि नव्हती. पेटी घेतांना तिला कारखान्याकडून दुरुस्तीचे नवे प्रोग्राम येत राहतात कीं नाहीं, हें विचारावें. उत्तर मिळालें नाहीं तर तेंहि एक उत्तरच समजावें.

त्या घरांतील मुलीनें एक केलें. परीक्षेच्या वहीचा कागद फाडून त्यावर ठळक मराठींत चार ओळी लिहिल्या आणि पेटीच्या बाजूस चिकटविल्या. हिरवा : सर्व ठीक. लाल : बाहेरची तार तुटली, पेटीला हात लावूं नये, फोन करावा. खालीं फोनचा नंबर आणि ग्राहक क्रमांक.

पंधरा दिवसांनीं दुपारीं रस्त्याचें काम चालू असतां खोदणाऱ्या यंत्राखालीं तार सांपडली. वडील दुकानांत, मुलगी कॉलेजांत. आजीनें चष्मा लावला, कागद वाचला, दिवा पाहिला, आणि फोन फिरविला.

"अरे दादा, आमच्या पेटीचा एलओएसचा दिवा लाल झालाय. हिरवा गेलाय. मी कशाला हात लावला नाहीं."

पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला. पेटी बंद करून चालू करा, हें त्याचें रोजचें वाक्य तोंडांतच राहिलें असावें.

"बरं आजी, मग फायबरच तुटली असणार. माणूस पाठवतो."

माणूस सायंकाळीं आला. तार जोडून झाल्यावर त्यानें मोबाइल काढून त्या चिकटविलेल्या कागदाचें छायाचित्र घेतलें, आणि चहा घेऊन पुढच्या घरीं गेला. नऊचा तास वेळेवर सुरू झाला.